तुमच्या रीलमधला तो पांढरा डाग

मे महिना संपत आला की लालबाग-परळमधल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर एक ठरलेला व्हिडीओ फिरायला लागतो. ठिकाण मालवण. निळसर हिरवं पाणी, डोळ्यांवर मास्क, तोंडात रेग्युलेटर आणि अंगठा-तर्जनी जोडून केलेली ‘ओके’ची खूण. भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे, कारण गाइडने नुकतंच काहीतरी खायला टाकलेलं असतं. आपल्याकडे चाळ असो की तिच्या जागी उभा राहिलेला टॉवर, निम्म्या घरांचं गाव रत्नागिरी-सिंधुदुर्गात असतं. त्यामुळे सुट्टीत गावाला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे असा एक व्हिडीओ असतोच. तुमच्याकडेही असेल.

तो पुन्हा एकदा उघडा. या वेळी स्वतःकडे आणि माशांकडे बघू नका, मागच्या खडकाकडे बघा. खडकावर तपकिरी, हिरवट गोळे किंवा पानांसारखे पसरट थर दिसतात का? ते प्रवाळ. त्यातल्या एखाद्यावर पांढरा डाग आहे का? असेल तर तो कशाचा? माशाने चावा घेतल्याचा, पाणी तापल्याचा, कुणाचा तरी फिन लागल्याचा, की रोगाचा?

याचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. पण तुमचा हात धरून तुम्हाला खाली घेऊन गेलेल्या गाइडला ते देता यायला हवं का? सीझनमध्ये दिवसातून अनेकदा तो त्याच खडकापाशी जातो. त्या जागेवर त्याच्याइतकी नजर सरकारी खात्याची नाही, विद्यापीठाची नाही, कुणाचीच नाही. आजचा विषय हाच आहे. पाण्याखाली आधीपासूनच असलेल्या या माणसांना प्रवाळांचे रोग ओळखायला आणि त्यांची नोंद ठेवायला शिकवलं, तर काय होईल? आणि ते अजून नीट का होत नाही?

दगड नाही, वसाहत

आधी थोडी ओळख. आजीच्या अंगठीत मंगळासाठी घातलेलं लाल पोवळं आपल्याला माहीत असतं. ते बहुतेक वेळा दूरच्या, खोल समुद्रातून आलेलं असतं. मालवणच्या उथळ पाण्यातलं प्रवाळ त्याचं लांबचं भावंड. दिसायला दगड, पण खरं तर हजारो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. या प्राण्याला पॉलिप म्हणतात. तो स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा रचतो. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाळ भाड्याने राहतं. सूर्यप्रकाशावर अन्न बनवायचं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला द्यायचा, हे त्याचं भाडं. प्रवाळाला रंगही बहुतेक या शैवाळामुळेच येतो.

‘प्रवाळ बघायला अंदमान-लक्षद्वीपलाच जावं लागतं’ हा आपला जुना गैरसमज आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ती आहेत. याच भागात १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेलं हे पठार प्रवाळांनी भरलेलं आहे. आणि लालबागहून बसने गाठता येईल अशा हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही जिवंत प्रवाळ आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊच.

पांढरं दिसलं म्हणजे रोगच असं नाही

प्रवाळांच्या बातम्यांमध्ये एकच शब्द सारखा येतो, ब्लीचिंग. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ त्या भाडेकरू शैवाळाला बाहेर काढतं. रंग जातो, आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. पण प्राणी अजून जिवंत असतो. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाळ परत येतं, प्रवाळ सावरतं. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी जगातलं चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपमध्येही मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरी पडल्याची नोंद झाली.

रोग ही वेगळी गोष्ट. त्यात जिवंत ऊती मरते आणि सांगाडा उघडा पडतो. तिथे परत यायला कुणी उरलेलंच नसतं. प्रवाळांच्या रोगांची शास्त्रीय वर्णनं १९७०च्या दशकापासून यायला लागली, म्हणजे हे शास्त्र तसं तरुण आहे. काही रोग डोळ्यांना सहज दिसतात. ‘ब्लॅक बँड’मध्ये वसाहतीवर एक काळा पट्टा सरकत जातो. त्याच्या एका बाजूला जिवंत रंगीत ऊती, दुसऱ्या बाजूला नुकताच उघडा पडलेला पांढरा सांगाडा. पट्टा दिवसाला काही मिलिमीटर पुढे जातो. ऐकायला कमी वाटतं, पण जे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, त्याची कित्येक वर्षांची कमाई एका सीझनमध्ये जाते.

दुसरा रोग आपल्या शेजारच्या शास्त्रज्ञांनी जगासमोर आणला. गोव्यात दोनापावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या, संशोधकांनी लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटाजवळच्या प्रवाळांवर गुलाबी रेघ पाहिली. २००२ साली त्यांनी ‘पिंक लाइन सिंड्रोम’ या नावाने ती प्रसिद्ध केली. तिसरा प्रकार थेट मालवणचा. तिथल्या पानांसारख्या पसरट प्रवाळावर, टर्बिनारिया मेसेंटेरिनावर, सांगाड्याच्या गाठी आल्याचं संशोधकांना आढळलं. २०१६ साली जलचरांच्या रोगांवरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. म्हणजे ‘आपल्याकडे असलं काही नसतं’ हे म्हणायची सोय राहिलेली नाही.

आता खरी गोम. पांढऱ्या डागाची कारणं अनेक, आणि प्रत्येकाची सही वेगळी. पोपटमाशाने चोच मारली की खरवडल्यासारखे ओरखडे उमटतात, सांगाडाही थोडा निघतो. प्रवाळ खाणाऱ्या शंखांनी ऊती खाल्ली असेल तर ते शंख बहुतेक वेळा जवळच सापडतात. गाळ साचून ऊती मेली असेल तर ती खोलगट भागात, जिथे गाळ बसतो तिथेच मरते. नांगर किंवा फिन लागला असेल तर तुटलेली कड दिसते. ब्लीचिंगमध्ये पांढरेपणा हळूहळू फिकट होत गेलेला असतो आणि जवळून पाहिलं तर पॉलिप जागेवर असतात. रोगात बहुधा एक स्पष्ट सीमारेषा असते आणि पुढच्या फेरीत ती सरकलेली असते.

हे ओळखायला पीएचडी लागत नाही. लागते ती सवयीची नजर. भाऊच्या धक्क्यावर मासळी घेणारी बाई पापलेटचे कल्ले बघून कालचं की आजचं ते सांगते, तशी.

जे आधीच खाली आहेत

मालवण-तारकर्लीच्या डायव्हिंगची गोष्ट लालबागच्या वाचकाला जरा जास्त जवळची वाटायला हवी. शंभर वर्षं कोकणातला तरुण बोट, नाहीतर एसटी, धरून गिरणगावात आला आणि गावाकडचं घर मनीऑर्डरवर चाललं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, मनीऑर्डरी आटल्या. त्यानंतरच्या पिढीतल्या काही मुलांना मुंबईला न येता गावातच कमावण्याची जी थोडी संधी मिळाली, त्यातली एक म्हणजे समुद्रातलं पर्यटन. यूएनडीपी आणि जीईएफच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठीच्या प्रकल्पात स्थानिक तरुणांना स्नॉर्कलिंग आणि स्कूबा शिकवलं गेलं. तारकर्लीला एमटीडीसीने स्कूबा प्रशिक्षणाची स्वतंत्र संस्था उभारली, सरावासाठी खोल तलावासकट. आज किल्ल्याजवळच्या बोटींवर उडी मारायला तयार उभी असलेली मुलं बहुतेक याच पट्ट्यातली आहेत.

म्हणजे पाण्याखाली जाणारी फौज तयार आहे. श्वास कसा घ्यायचा, घाबरलेल्या पर्यटकाला कसं सांभाळायचं, प्रवाह कुठे ओढतो, हे सगळं तिला येतं. तिला शिकवलं गेलेलं नाही ते एवढंच, की खडकावर काय बघायचं आणि वर आल्यावर ते कुठे लिहायचं.

आणि ही फौज वाढणार आहे. नौदलाची निवृत्त युद्धनौका ‘आयएनएस गुलदार’ २०२५मध्ये एमटीडीसीकडे आली. निवतीजवळ ती समुद्रतळाशी ठेवायची, तिच्यावर कृत्रिम प्रवाळ परिसंस्था वाढू द्यायची आणि पर्यटकांना ती दाखवायची अशी योजना आहे. जास्त पर्यटक म्हणजे जास्त बोटी, जास्त नांगर, जास्त फिन. पर्यटन नको असं म्हणायचं नाही. पण त्याची किंमत मोजायची व्यवस्था पर्यटनाच्या आधी उभी राहायला हवी, नंतर नाही.

कारण ही किंमत खरी आहे. थायलंडच्या को ताओ बेटावर संशोधकांनी गर्दीच्या आणि कमी गर्दीच्या डाइव्ह साइटची तुलना केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गर्दीच्या ठिकाणी रोगाचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं. फिनने उडवलेला गाळ आणि झालेल्या जखमा, दोन्हींतून रोगाला वाट मिळते. मालवणच्या अभयारण्यातही हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना इजा होत असल्याचं एनआयओच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवून दिलं आहे.

आपल्याकडे त्यात एक वाईट योगायोग आहे. कोकण किनाऱ्याचं पाणी सर्वात तापतं एप्रिल-मेमध्ये आणि आपण सगळे गावाला जातो तेही एप्रिल-मेमध्ये. प्रवाळ सर्वात अशक्त असतात नेमकं तेव्हाच त्यांच्या डोक्यावर सर्वात जास्त गर्दी असते.

उशिरा कळण्याची किंमत

‘कळून तरी काय करणार? समुद्राला काय औषध देणार?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या फ्लोरिडाने दिलंय, आणि ते महागात पडून दिलंय.

२०१४ साली मायामीजवळ एक नवा रोग दिसला. दगडी प्रवाळांची ऊती झपाट्याने गळून जाते, म्हणून त्याचं नावही तसंच पडलं, स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज. वीसहून जास्त जातींना तो होतो. काही जातींच्या शेकडो वर्षं जुन्या वसाहती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मेल्या. २०१८मध्ये तो मेक्सिको आणि जमैकाच्या किनाऱ्यावर पोचला आणि मग एकेक करत कॅरिबियन बेटांवर.

तिथे शास्त्रज्ञ मोजके आणि किनारा प्रचंड. मग डायव्हरनाच शिकवलं गेलं. हौशी आणि व्यावसायिक डायव्हर पाण्यात काय दिसलं ते कळवू लागले. कॅरिबियनभर अशा नोंदी जमवून रोग कुठवर आला याचा नकाशा तयार झाला. ‘आमच्याकडे नाही दिसला’ ही नोंदही तितकीच कामाची ठरली, कारण रोगाची सीमा त्यावरूनच कळते. पुढची पायरी म्हणजे प्रशिक्षित डायव्हर रोगट कडेवर अ‍ॅमॉक्सिसिलिन मिसळलेला लेप लावायला लागले. हो, तेच औषध जे डॉक्टर आपल्याला घशासाठी देतात. याने समुद्र बरा होत नाही, पण एखादी जुनी मोठी वसाहत वाचवता येते. रोगाच्या जागी डाइव्ह केल्यावर सूट आणि फिन निर्जंतुक केल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही, हा नियमही तिथे आला.

आपल्याकडे कुणी औषधाची ट्यूब घेऊन पाण्यात उतरावं असं अजिबात नाही. ते तज्ज्ञांचं आणि परवानगीचं काम आहे. पण रोग वेळेत कळला तर साध्या गोष्टी करता येतात. त्या खडकाला एक महिना सुट्टी देता येते. नांगराऐवजी कायमचा बोया बसवता येतो. अडकलेलं जाळं काढता येतं. सांडपाणी कुठून येतंय ते शोधता येतं.

जाळं आणि सांडपाणी उगाच लिहिलेलं नाही. आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळ क्षेत्रांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. प्लॅस्टिकचा स्पर्श नसलेल्या प्रवाळांमध्ये रोगाची शक्यता ४ टक्के होती, प्लॅस्टिक अडकलेल्यांमध्ये ८९ टक्के. आणि फ्लोरिडातल्या सांबरशिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना मारणाऱ्या एका रोगाचा जिवाणू माणसाच्या सांडपाण्यातून आल्याचं २०११मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं. माणसाकडून प्राण्याला, आणि तेही समुद्रातल्या. मुंबईकराने हे वाक्य दोनदा वाचावं.

प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय?

कल्पना करा, मालवणमधल्या वीस गाइडना आपण शिकवायला बसलोय. पहिला दिवस कोरडाच जातो. स्क्रीनवर फोटो दाखवायचे, ‘हे काय?’ विचारायचं. चावा, ब्लीचिंग, गाळ, रोग. चुकलं की पुन्हा. पाण्यात नेता येतील अशी सचित्र प्लॅस्टिक कार्डं जगात तयार आहेत. हिंद-प्रशांत महासागरातल्या प्रवाळांसाठीची कार्डं २००८पासून उपलब्ध आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ने २००२मध्ये एक साधा रंगतक्ता आणला. घराला रंग काढताना आपण शेडकार्ड भिंतीला लावून बघतो, तसाच हा तक्ता प्रवाळाशेजारी धरायचा आणि कुठली छटा जुळते तिचा नंबर लिहायचा. पुढच्या वेळी नंबर खाली आला तर प्रवाळ फिकट पडलं. संपलं. हे काम शाळकरी मुलंही करतात.

दुसरा धडा महत्त्वाचा. रोगाचं नाव सांगायचं नाही, वर्णन सांगायचं. ‘ब्लॅक बँड झालाय’ असं लिहिण्याऐवजी ‘गोलाकार प्रवाळ, वरच्या बाजूला काळा पट्टा, बोटभर रुंद, मागे पांढरं, कड स्पष्ट’ असं लिहायचं. निदान प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाचं काम. तापाची नोंद घेणारी आशाताई डॉक्टर नसते, पण तिच्या नोंदीवाचून डॉक्टरला साथ कळतच नाही. ‘डायव्हर म्हणजे शास्त्रज्ञ नव्हेत’ या आक्षेपाचं उत्तर याच धड्यात आहे.

तिसरा धडा मोजणीचा. खडकावर ठरावीक लांबीची टेप अंथरायची, तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीत येणारी प्रत्येक वसाहत मोजायची. निरोगीसुद्धा. समजा २०० वसाहती मोजल्या आणि ६ रोगट निघाल्या, तर प्रमाण ३ टक्के. निरोगी मोजल्याच नाहीत तर ‘६ रोगट’ या आकड्याला काही अर्थ नाही. स्टॅटिस्टिक्सच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. छेदाशिवाय अंश म्हणजे नुसती गप्प.

चौथा धडा फोटोचा. तीच वसाहत, तोच कोन, शेजारी मोजपट्टी, तारीख. पुन्हा दोन आठवड्यांनी. दोन फोटो शेजारी ठेवले की कड सरकली का ते कळतं. आणि शेवटचा धडा शरीराचा. तळापासून वर तरंगत राहायचं, फिन खडकाला लागू द्यायचा नाही, हात लावायचा नाही. रोग मोजायला गेलेल्यानेच जखम करून यायची, यासारखा विनोद नाही.

मग अडतंय कुठे?

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. चार दिवसांचं वर्कशॉप, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. अशा वर्कशॉपचं पुढे काय होतं ते आपण कॉलेजातही पाहिलेलं असतं.

पहिली अडचण पैशांची. गाइडची कमाई पर्यटकामागे असते. टेप अंथरून खडक मोजायला लागणारा तास म्हणजे बुडालेला तास. सीझन जेमतेम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात सगळं बंद. या आठ महिन्यांत वर्ष काढायचं असतं. त्याला ‘निसर्गासाठी फुकट कर’ असं सांगायचा अधिकार तुम्हाला-मला नाही.

दुसरी अडचण भीतीची, आणि ती जास्त खोल आहे. अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून मालवणच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. कारण साधं आहे. आपल्याला न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली आणि उद्या आपल्याच पाण्यात जायला बंदी येईल, ही धास्ती. आता याच वस्तीतल्या मुलाला आपण म्हणतोय, ‘तुझ्या डाइव्ह साइटवर रोग दिसला तर कळव.’ तो विचार करणारच. कळवलं आणि साइट बंद झाली तर? शेजारच्या बोटवाल्याने कळवलं नाही आणि त्याचा धंदा चालू राहिला तर? खरं बोलणाऱ्याचंच नुकसान होणार असेल, तर प्रशिक्षण कितीही चांगलं असो, नोंदवही कोरीच राहणार.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रवाळाचा रोग ओळखायला शिकवणं हा या कामाचा सोपा अर्धा भाग आहे. अवघड अर्धा भाग म्हणजे नोंद करणाऱ्याला संरक्षण देणं. ते कसं देता येईल? प्रत्येक डाइव्हच्या तिकिटातला छोटा हिस्सा नोंदींसाठी बाजूला ठेवता येईल आणि त्यातून महिन्यातल्या ठरलेल्या दिवसाचा पूर्ण रोज देता येईल. साइटला सुट्टी द्यायची तर ती एकट्याची नको. बोटींना आळीपाळीने दुसऱ्या जागा वाटून द्यायच्या आणि हे आधी ठरवून ठेवायचं, रोग आल्यावर नाही. आणि जमलेली माहिती मराठीत, त्यांच्याच बैठकीत परत यायला हवी. ‘तुम्ही मार्चमध्ये कळवलेल्या डागाचं हे झालं’ एवढं कुणी येऊन सांगितलं, तरी पुढच्या मार्चमध्ये तो गाइड पुन्हा कळवेल. नाहीतर त्याच्या कष्टावर कुणाचा तरी पेपर छापून येतो आणि त्याला ते कळतही नाही.

यात भावनेपेक्षा हिशोब आहे. खडक मेला तर मासे जातात, मासे गेले तर पर्यटक जातो. मग त्या मुलासाठी पुन्हा जुना रस्ता, मुंबई. फक्त आता इथे गिरणी नाही.

लालबागमध्ये बसून काय करायचं?

मुंबईत स्कूबा करून प्रवाळ बघणं विसरा. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. पण आपल्याकडे दुसरी सोय आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी लागते आणि हाजी अली, वरळीचे खडक उघडे पडतात. तिथल्या डबक्यांमध्ये आणि कपारींमध्ये छोट्या वसाहती दिसतात. कोस्टल रोडच्या कामात आलेल्या अशा १८ वसाहती २०२०मध्ये एनआयओच्या मदतीने दुसरीकडे हलवल्या गेल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे प्रवाळ आहेत. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवून हे सगळं दाखवतोय. पहिल्यांदा जाताना अशा जाणत्या लोकांबरोबरच जा. एकट्याने जाऊ नका, खडक निसरडे असतात आणि भरती मागून येते.

नजर तयार करायला ही जागा उत्तम आहे. एक कपार निवडा, दर मोठ्या ओहोटीला तोच फोटो, शेजारी मोजपट्टी. वर्षभर. एका कॉलेजच्या पाच मुलांनी हे केलं तरी त्या कपारीचा इतिहास तयार होईल, आणि त्यासाठी झूलॉजीच घेतलेलं असायला हवं असं नाही. फक्त बघायचं, उचलायचं काही नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या पंक्तीला. तुटलेला तुकडा ‘आठवण’ म्हणून खिशात घालणं हाही गुन्हा आहे.

आणि पुढच्या मेमध्ये मालवणला जाल तेव्हा बोटीत बसायच्या आधी तीन प्रश्न विचारा. नांगर टाकता की बोयाला बांधता? माशांना खायला टाकता का? खडकाला पाय लावू देता का? गिऱ्हाईक विचारायला लागलं की धंदा बदलतो, हे आपल्याला बाजारपेठेत वाढल्यामुळे चांगलं माहीत आहे. डाइव्ह झाल्यावर गाइडला तुमचा व्हिडीओ दाखवा आणि मागच्या खडकावर बोट ठेवून विचारा, ‘दादा, हे पांढरं काय आहे?’

कदाचित तो म्हणेल, ‘माशाने खाल्लंय.’ कदाचित म्हणेल, ‘माहीत नाय.’ आणि कदाचित थोडा वेळ बघून म्हणेल, ‘गेल्या महिन्यात एवढं नव्हतं.’ हे तिसरं वाक्य म्हणजेच नोंद. आज ते बोटीवरच विरून जातं. ते ऐकून लिहून घेणारं कुणीतरी किनाऱ्यावर असायला हवं. तुमच्यापैकी कुणी सागरी जीवशास्त्र, डेटा सायन्स किंवा पत्रकारिता शिकत असेल आणि गाव मालवण असेल, तर ते तुम्हीच का नसावं?